तुरुंगातून बाहेर आलेले कागद

(युवकांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आधीच सांगून टाकतो, मी वकील नाही. पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो. कायद्याचं जे थोडंफार कळतं ते निकालपत्रं वाचून कळलेलं आहे. ती मी का वाचायला लागलो याची गोष्ट फारशी अभिमानाची नाही, पण ती सांगितल्याशिवाय पुढचं बोलणं खोटं वाटेल. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

गेल्या वर्षी आमच्या गल्लीतला एक मुलगा मोबाईल चोरीच्या प्रकरणात पकडला गेला. वय बावीस. वडील नाहीत, आई शिवणकाम करते. सरकारी खर्चानं मिळालेल्या वकिलांनी त्याला जामीन मिळवून दिला. पंधरा हजारांचा जामीन आणि एक ऐपतदार जामीनदार, एवढीच अट. त्याची आई चार-पाच दारं ठोठावून शेवटी आमच्या अम्मीकडे आली. अम्मीनं मला फोन केला. म्हणाली, "तुझ्याकडे पगाराची स्लिप आहे, घर तुझ्या नावावर आहे. तू उभा राहा." मी म्हणालो, "अम्मी, माझ्या व्हिसाचं काम चालू आहे, कोर्टकचेरीच्या कागदावर नाव नको." आणि वर हेही म्हणालो, "त्यानं काहीतरी केलंच असेल ना?"

अम्मीनं फोन ठेवून दिला.

हे शेवटचं वाक्य माझ्या तोंडून इतकं सहज कसं गेलं, हे शोधायला मी वाचायला बसलो. त्यातून जे हाती लागलं त्यातलं थोडं आज सांगतो.

पहिली गोष्ट एका मराठी पुस्तकाची आहे. चीन युद्धानंतरची आणीबाणी चालू होती. प्रभाकर पांडुरंग संझगिरी नावाचे गृहस्थ भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध होते. तिथं बसून त्यांनी मराठीत विज्ञानाचं पुस्तक लिहिलं, 'अणूच्या अंतरंगात'. सरकारच्या परवानगीनंच लिहिलं. मग १९६४ च्या सप्टेंबरात त्यांनी अर्ज केला की हस्तलिखित छापण्यासाठी पत्नीकडे पाठवू द्या. सरकारनं नाही म्हटलं. उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी पुस्तकाची अनुक्रमणिका पाहिली, त्यात मूलकणांच्या शास्त्राखेरीज काही नव्हतं. त्यांनी हस्तलिखित पाठवा असा आदेश दिला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं! अणूवरचं मराठी पुस्तक बाहेर जाऊ नये म्हणून राज्य सरकार दिल्लीपर्यंत गेलं, हे वाचून मला आधी हसू आलं.

पण सरकारचा युक्तिवाद हसण्यासारखा नव्हता. सरकार म्हणत होतं की माणूस स्थानबद्ध झाला की त्याचं स्वातंत्र्य संपलं. नियमात जे दिलंय तेवढ्या सवलती त्याला मिळतील, आणि पुस्तक बाहेर पाठवण्याची सवलत नियमात कुठंच नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९६५ मध्ये हे उलटं वाचलं. नियम बंधनं सांगतात. पुस्तक पाठवू नये असं बंधन नियमात नाही, म्हणून तो पाठवू शकतो.

तुमच्यापैकी जे माझ्या धंद्यातले आहेत त्यांना हे पटकन कळेल. फायरवॉलचे नियम दोन पद्धतींनी लिहिता येतात. सगळं बंद आणि यादीत आहे तेवढंच चालू, किंवा सगळं चालू आणि यादीत आहे तेवढंच बंद. कैदी म्हणून माणूस आत गेला की त्याच्यासाठी कुठली पद्धत लावायची, हा खरा प्रश्न होता. तुरुंगाच्या फाटकावरचा शिपाई आजही पहिली पद्धत लावतो. न्यायालयानं साठ वर्षांपूर्वी दुसरी लावली. पुढं १९७४ मध्ये आंध्रातल्या एका प्रकरणात न्यायालयानं स्पष्टच सांगितलं की शिक्षा झाली म्हणून माणसाचे मूलभूत हक्क सगळेच्या सगळे गळून पडत नाहीत. हिंडण्याफिरण्याचं स्वातंत्र्य जातं, धंदा करण्याचं जातं. जगण्याचा हक्क राहतो.

आता तिहारला जाऊ. सुनील बत्रा हा फाशीची शिक्षा झालेला कैदी. त्याला एकांत कोठडीत ठेवलं होतं. अपील बाकी असतानाच. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की एकांतवास ही वेगळी शिक्षा आहे, ती फक्त न्यायालय देऊ शकतं, तुरुंग अधिकाऱ्यानं ती आपल्या मनानं जोडायची नाही. आणि अपील, दयेचा अर्ज हे सगळे मार्ग संपेपर्यंत माणूस फाशीचा कैदी ठरतच नाही. ज्या कायद्याचा आधार घेऊन त्याला तिथं ठेवलं होतं तो १८९४ चा, इंग्रजांचा.

मला जास्त आवडली ती याच बत्राची दुसरी गोष्ट. शेजारच्या एका कैद्याला वॉर्डरनं अमानुष मारहाण केली. त्याला भेटायला येणाऱ्या नातेवाइकांकडून पैसे उकळायचे होते. बत्रानं ते एका कागदावर लिहून सर्वोच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींना पाठवलं. वकील नाही, शिक्का नाही, प्रतिज्ञापत्र नाही. स्वतःसाठी तर नाहीच. न्यायालयानं ते पत्रच याचिका मानलं. डॉ. वाय. एस. चितळे आणि मुकुल मुद्गल या दोन वकिलांना तुरुंगात जाऊन कैद्याला भेटायला आणि कागदपत्रं तपासायला सांगितलं. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांचा तो निकाल आहे. तुरुंगात तक्रारपेट्या ठेवा, त्या न्यायाधीशांच्या देखरेखीखाली उघडा, वकिलांना आत जाऊ द्या, कैद्याला त्याचे हक्क त्याच्या भाषेत छापून द्या, हे सगळं त्या निकालात आहे. फाशीच्या सावलीतल्या एका माणसानं दुसऱ्यासाठी लिहिलेल्या कागदातून ते आलं.

१९८० ची अशीच एक तार आहे. तिहारमधल्या एका कच्च्या कैद्यानं, म्हणजे ज्याचा खटला अजून चालू आहे अशा कैद्यानं, न्यायमूर्तींना तार केली की मनाई असतानाही मला बेड्या घालून कोर्टात नेतात. त्या वेळच्या पोलिस नियमांत 'चांगल्या दर्जाचा' कैदी आणि सामान्य कैदी असा भेद होता. शिकलेल्या, पैसेवाल्या माणसाला बेडी नाही, गरिबाला बेडी. न्यायालयानं हा भेद मोडीत काढला आणि बेडी हा अपवाद ठरवला. बेडी घालायची तर कारण लिहा आणि न्यायाधीशांकडून मंजुरी घ्या.

आणि एक आपल्या मुंबईची. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या तुरुंगात पंधरा स्त्री कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यातल्या पाच जणींनी सांगितलं की पोलिस कोठडीत आम्हाला मारलं. बारसेंनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. न्यायालयानं निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना तुरुंगात जाऊन स्त्रियांशी बोलायला आणि अहवाल द्यायला सांगितलं. पोलिस अहवाल मागवून फाइल बंद करता आली असती. तसं केलं नाही. १९८३ चा निकाल आला. स्त्रियांसाठी वेगळी कोठडी, तिथं महिला पोलिसांचाच पहारा, अटक होताच नातेवाइकाला कळवणं, विधी सहाय्य समितीला कळवणं. आज आपल्या बहिणी पोलिस ठाण्यात जाताना जे नियम गृहीत धरतात, त्यांच्या मागं या पंधरा जणींचं बोलणं आहे.

इथं मला थोडं कडू बोलायचंय.

आपल्या सभांमध्ये तुरुंगाचा विषय निघतो तेव्हा आपल्या तोंडी एकच शब्दप्रयोग असतो, 'निरपराध मुस्लिम तरुण'. तो खोटा नाही. मालेगावच्या २००६ च्या स्फोटांत नऊ मुस्लिम पकडले गेले, पाच वर्षांनी जामीन मिळाला आणि २०१६ मध्ये त्यांना आरोपातून मुक्त केलं गेलं. मुंबईच्या लोकल स्फोटांचा खटला तुम्हाला माहीतच आहे. २०१५ मध्ये बारा जण दोषी ठरले, पाच जणांना फाशी झाली. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयानं बाराही जणांना निर्दोष सोडलं. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, त्यांनी तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत आत घातलं नाही. एकोणीस वर्षं गेली होती. बारातला एक जण चार वर्षं आधीच, करोनात, कैदेत असताना वारला होता. तो निर्दोष आहे हे न्यायालयानं सांगितलं तेव्हा ऐकायला तो नव्हता.

या लोकांसाठी बोललंच पाहिजे. पण आता मी सांगितलेली नावं परत आठवा. बत्राला फाशीची शिक्षा झाली होती. पुढं मी ज्या होस्कोट यांचं सांगणार आहे ते विद्यापीठाच्या बनावट पदव्या छापण्याच्या प्रयत्नात दोषी ठरले होते. कैद्यांचे जे हक्क आज आहेत ते बऱ्याच अंशी दोषी माणसांनी मिळवलेले आहेत. आणि आपण मात्र निरपराध असल्याचं प्रमाणपत्र असेल तरच त्या माणसाकडे वळून पाहतो. नशेच्या नादी लागून चोरी करणारा आपल्याच मोहल्ल्यातला पोरगा आपल्या यादीत नसतो. तो बिरादरीची बदनामी असतो.

आणखी अवघड उदाहरण घेतो. आपली चळवळ छळ झालेल्या, तलाक देऊन घराबाहेर काढलेल्या बहिणींच्या बाजूनं उभी राहते. उद्या अशा बहिणीचा नवरा तुरुंगात गेला आणि तिथं त्याला मारलं, औषध दिलं नाही, तर? बहिणीच्या बाजूनं उभं राहून त्याच तोंडानं 'त्याला हात लावायचा नाही' हे म्हणता आलं पाहिजे. मला ते जड जातं, हे कबूल करतो.

होस्कोट यांची गोष्ट महाराष्ट्रातली, १९७८ ची. उच्च न्यायालयानं त्यांची शिक्षा वाढवून तीन वर्षं केली. त्यांना पुढं अपील करायचं होतं. पण निकालाची प्रत हातात आली ती चार वर्षांहून अधिक काळानं, शिक्षा भोगून झाल्यावर. तुरुंग अधिकारी म्हणाले प्रत दिली होती. मात्र कैद्याची सही कुठंच नाही. न्यायालयानं ठरवलं की निकालाची प्रत कैद्याला विनामूल्य, लेखी पोच घेऊन द्यायची. आणि वकील परवडत नसेल तर सरकारनं द्यायचा, ती मेहेरबानी नाही. गंमत म्हणजे होस्कोट यांचा स्वतःचा अर्ज फेटाळलाच गेला. त्यांच्या हाती काही लागलं नाही, आपल्या सगळ्यांच्या हाती लागलं.

त्यानंतर वर्षभरातच हुसैनारा खातून. कायद्याचा प्रत्येक विद्यार्थी हे नाव वाचतो, पण ती एक गरीब मुस्लिम बाई होती, बिहारच्या तुरुंगात अडकलेली, हे फार थोड्यांच्या लक्षात असतं. कामठीत जन्मलेले पोलिस अधिकारी के. एफ. रुस्तमजी यांनी १९७९ च्या जानेवारीत वर्तमानपत्रात लेख लिहिले की बिहारमध्ये लोक खटला न चालता वर्षानुवर्षं आत आहेत. गुन्हा सिद्ध झाला असता तरी जेवढी शिक्षा झाली नसती, त्याहून जास्त काळ. वकील पुष्पा कपिला हिंगोरानी ते घेऊन न्यायालयात गेल्या. न्यायमूर्ती भगवती यांनी सांगितलं की खटला लवकर चालणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. हजारो लोक सुटले.

त्याच बिहारमधला रुदुल साह. १९६८ च्या जूनमध्ये निर्दोष सुटला. तुरुंगातून बाहेर आला १९८२ च्या ऑक्टोबरात. निर्दोष ठरल्यावर चौदा वर्षं आत! सर्वोच्च न्यायालयानं सरकारला पस्तीस हजार रुपये द्यायला लावले. रक्कम ऐकून तुम्ही हसाल, पण मूलभूत हक्क मोडला म्हणून सरकारनं कैद्याला भरपाई द्यायची, ही वाट तिथून सुरू झाली.

या सगळ्या गोष्टी वाचताना मला सूरह यूसुफमधला तो प्रसंग आठवत राहिला. हजरत यूसुफ कैदेत आहेत, सोबतचा एक कैदी सुटणार आहे. ते त्याला सांगतात, बाहेर गेलास की तुझ्या मालकाकडे माझं नाव काढ. तो बाहेर जातो आणि विसरतो. यूसुफ आणखी काही वर्षं आतच राहतात. लहानपणी हे ऐकताना मला त्या विसरणाऱ्याचा राग यायचा. आता मला त्याच्या जागी आमची गल्ली दिसते. आणखी एक. बादशहानं शेवटी बोलावणं पाठवलं तेव्हा यूसुफ लगेच उठून गेले नाहीत. आधी माझ्यावरच्या आरोपाची चौकशी करा, म्हणाले. नुसती सुटका आणि निर्दोषपणा यातला फरक तिथंही आहे.

आता आजच्याकडे येतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस देशाच्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. त्यातली ४,३४,३०२ कच्चे कैदी. चारांतले तीन. तुरुंग क्षमतेच्या १३१ टक्के भरलेले. मुस्लिमांचं प्रमाण आपल्या लोकसंख्येतल्या १४.२ टक्क्यांपेक्षा जास्त आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेनं राज्य अल्पसंख्याक आयोगासाठी महाराष्ट्रातल्या मुस्लिम कैद्यांचा अभ्यास केला होता. तेव्हा राज्याच्या तुरुंगांत जवळपास एक तृतीयांश मुस्लिम होते, लोकसंख्येत साडेदहा टक्क्यांच्या आसपास असताना. त्यातले बहुतेक कुठल्या टोळीतले किंवा कटातले नव्हते. गरीब होते, कमी शिकलेले होते, धड वकील मिळालेला नव्हता.

म्हणजे परत आमच्या गल्लीतला मुलगा.

सर्वोच्च न्यायालयासमोर १९७८ मध्येच एक गवंडी आला होता, मोतीराम. दहा हजारांचा जामीन मागितला होता, आणि त्याचा भाऊ जामीनदार म्हणून उभा राहिला तर दंडाधिकाऱ्यांनी नाकारला, कारण भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात. न्यायालयानं फटकारलं. गवंड्याकडे दहा हजार कुठून येणार, आणि दुसऱ्या जिल्ह्यातला भारतीय परका कसा? अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीचा निकाल आहे हा. आजही तालुक्याच्या कोर्टात 'स्थानिक जामीनदार आणा' हे ऐकायला मिळतं.

माझ्या धंद्याचा संबंध इथं येतो. जामीन मंजूर झाल्यावर कागद तुरुंगात कसा पोचतो, माहीत आहे? आर्थर रोड तुरुंगाच्या बाहेर भिंतीवर एक पेटी आहे. जामिनाचा आदेश त्या पेटीत टाकायचा, ती ठरावीक वेळांना उघडते. संध्याकाळची शेवटची वेळ चुकली की रात्र आत. २०२१ मध्ये एका प्रसिद्ध नटाच्या मुलाची ती वेळ चुकली तेव्हा सगळ्या देशाला ही पेटी कळली. ज्यांचे वडील नट नाहीत त्यांची ती रोज चुकते. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं स्वतःहून याची दखल घेतली. तेव्हाचे सरन्यायाधीश रमणा वैतागून म्हणाले होते की आपण अजून कबुतरांची वाट बघत आभाळाकडे पाहतोय. मग न्यायालयाचे आदेश थेट तुरुंगाकडे पाठवणारी यंत्रणा २०२२ मध्ये सुरू झाली.

आणि ३१ जानेवारी २०२३ चा आदेश आहे, तो मी तीन वेळा वाचला, कारण तो एखाद्या प्रणालीच्या मागणीपत्रकासारखा लिहिलाय. जामीन मंजूर झाला की आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलनं कारागृह अधीक्षकामार्फत कैद्याला द्यायची. जामिनाची तारीख तुरुंगाच्या संगणक प्रणालीत भरायची. सात दिवसांत माणूस सुटला नाही तर अधीक्षकानं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, आणि तसा ईमेल आपोआप जाईल अशी सोय प्रणालीत करायची. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर न्यायालयानं अट सैल करण्याचा विचार करायचा. स्थानिक जामीनदाराचा आग्रह धरायचा नाही.

सगळं बरोबर आहे. पण कुणीतरी ती तारीख त्या चौकोनात भरावी लागते. आमच्या गल्लीतल्या मुलाला आपल्याला जामीन झालाय हे तीन आठवड्यांनी, आई मुलाखतीला गेली तेव्हा कळलं. सात दिवसांचा ईमेल गेला का, असं मी नंतर विचारलं. एका टेबलानं दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्यानं पहिल्याकडे. आमच्याकडे सॉफ्टवेअरमध्ये याला 'माझ्या मशीनवर चालतंय' म्हणतात.

न्यायालयं रक्षण करतात, पण नेहमी वेळेवर नाही. फादर स्टॅन स्वामी तळोजा तुरुंगात होते. चौऱ्याऐंशीच्या घरातले, कंपवाताचे रुग्ण, हात थरथरायचे, पेला धरता येत नव्हता. नळी आणि झाकणाचा पेला मिळावा म्हणून २०२० च्या नोव्हेंबरात त्यांना विशेष न्यायालयात अर्ज करावा लागला. तपास यंत्रणेला उत्तर द्यायला वीस दिवस मिळाले. ५ जुलै २०२१ ला त्यांच्या जामिनाची सुनावणी चालू असताना उच्च न्यायालयाला सांगण्यात आलं की ते गेले. त्यांच्या शेवटाकडे पाहून 'न्यायव्यवस्थेवर आमचा विश्वास आहे' असं गुळगुळीत वाक्य मला म्हणता येत नाही.

तरी त्याच वर्षीच्या फेब्रुवारीतला नजीब निकालही खरा आहे. केरळमधला यूएपीएचा आरोपी, पाच वर्षांहून जास्त आत, आणि अजून २७६ साक्षीदार तपासायचे बाकी. सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कायदा कितीही कडक असो, खटला लवकर संपणार नसेल तर संवैधानिक न्यायालय जामीन देऊ शकतं. २०२४ च्या जुलैत मुंबईतल्या बनावट नोटांच्या एका प्रकरणात, चार वर्षं उलटूनही आरोप निश्चित झाले नव्हते, तेव्हा न्यायालय म्हणालं की सरकारला खटला लवकर चालवता येत नसेल तर गुन्हा गंभीर आहे एवढ्यावरून जामिनाला विरोध करू नये. याच निकालांचा आधार घेऊन मागितलेले कित्येकांचे जामीन फेटाळलेही गेले आहेत. कुठलं पीठ समोर येतं यावर फार अवलंबून राहतं, आणि हे बरं नाही.

२०२४ च्या ऑक्टोबरातला निकाल मात्र सगळ्यांनी वाचावा. पत्रकार सुकन्या शांता यांनी तुरुंगातल्या जातीभेदावर लिहिलं आणि मग स्वतःच याचिका केली. तुरुंगांच्या नियमपुस्तकांत झाडूकाम कुणी करायचं आणि स्वयंपाक कुणी करायचा हे जातीवरून लिहिलेलं होतं. न्यायालयानं ते रद्द केलं, नोंदवहीतला जातीचा रकानाच काढायला सांगितला. बत्राच्या चिठ्ठीपासून इथपर्यंत रीत तीच आहे. आतलं कुणीतरी कागदावर उतरवतं, बाहेरचं कुणीतरी तो कागद न्यायाधीशांपुढं ठेवतं.

तेव्हा कामाच्या चार गोष्टी घेऊन जा. कोठडीत किंवा तुरुंगात असलेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चानं वकील मिळतो. १९८७ च्या कायद्याचं बारावं कलम. फोन १५१००. अटकेची कारणं लेखी आणि त्या माणसाला समजेल अशा भाषेत, दंडाधिकाऱ्यांपुढं नेण्याच्या किमान दोन तास आधी द्यावी लागतात. हे २०२५ च्या नोव्हेंबरात मुंबईच्याच एका प्रकरणात ठरलं. 'आम्हाला कायद्याची भाषा कळत नाही' हे म्हणू नका. जामीन, वकील, अर्ज, फिर्याद, मुदत, हजर, जप्ती, कैद, यातला कुठला शब्द आपल्या आजीला येत नाही? नव्या कायद्याचं ४७९ वं कलम लक्षात ठेवा. आधी कधी दोषी न ठरलेला माणूस कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत राहिला असेल तर त्याला सोडायचं, बाकीच्यांना निम्म्यावर. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून जास्त प्रकरणं चालू असलेले यातून वगळलेत. साध्या चोरीला कमाल तीन वर्षं, म्हणजे एक वर्ष. हा अर्ज तुरुंग अधीक्षकानंच करायचा आहे. तो करत नसेल तर आठवण करून देणारं कुणीतरी हवं. आणि ज्यांच्याकडे जामिनाचे पैसेच नाहीत त्यांच्यासाठी केंद्राची २०२३ पासूनची योजना आहे. आपल्या मोहल्ल्यात ती कुणाला माहीत नव्हती. मलाही नव्हती.

मी शेवटी जामीनदार झालो. अम्मीच्या त्या फोननंतर दोन महिन्यांनी. मला भीती होती तसं काही घडलं नाही. जामीनदाराचं नाव गुन्ह्यात येत नाही. मुलगा तारखेला आला नाही तर बंधपत्राची रक्कम भरावी लागू शकते, एवढीच जोखीम. पंधरा हजार. माझा फोन याहून महाग आहे. ते दोन महिने त्यानं माझ्यामुळं आत काढले. हे मी त्याच्या आईला सांगितलं. ती म्हणाली, "बेटा, तू आलास तरी."

चोरी त्यानं केली की नाही हे मी त्याला विचारलेलं नाही. ते कोर्ट विचारेल. तो आता एका गॅरेजमध्ये कामाला जातो, तारखेच्या दिवशीची मजुरी कापली जाते. पुढची तारीख येत्या मंगळवारी आहे, मी सुट्टी टाकली आहे.

त्याच्या बराकीतला दुसरा एक मुलगा, पलीकडच्या मोहल्ल्यातला, जामीन मंजूर होऊन नऊ आठवडे झाले तरी आत आहे. त्याच्या आईनं माझा नंबर मिळवला. माझं नाव एका प्रकरणात आधीच आहे, म्हणून दुसरं कुणी लागेल. मंगळवारी सकाळी साडेदहाला कोर्टाच्या फाटकापाशी यायचं. पगाराची स्लिप किंवा घरपट्टीची पावती, आधार कार्ड, रेशन कार्ड आणि दोन फोटो बरोबर आणा. कुणी तयार असेल तर चहाच्या वेळी मला भेटा, मी मागच्या खुर्च्यांपाशी थांबतो.